८५ अंशांची थाप

अंघोळीला जाण्याआधी गच्चीवरच्या सोलरचं पाणी किती तापलंय ते मोबाइलवर दिसावं, एवढीच माझी हौस. वायफायच्या सेन्सरचा सिग्नल स्लॅबपुढे टिकला नाही, शिवाय सेल बदलायला शिडी चढणं आलंच. शेवटी तार ओढली.

तारेच्या टोकाला स्टीलच्या नळीत बंद केलेला डीएस१८बी२०, म्हणजे तापमान मोजणारी छोटी चिप. त्याला पॉवर, ग्राउंड आणि डेटा अशा तीन तारा. गंमत डेटाच्या तारेत आहे: एकाच तारेवर अनेक सेन्सर लागतात. प्रत्येकात कारखान्यातच ६४ बिटांचा क्रमांक भरलेला असतो. कंट्रोलर, म्हणजे सेन्सर वाचणारा छोटा बोर्ड, ज्याचा क्रमांक पुकारेल तो बोलतो, बाकीचे गप्प. सेन्सरला ही तार फक्त शून्य व्होल्टकडे खेचता येते. ती पुन्हा वर आणायचं काम ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरचं. तो विसरलात तर सेन्सर सापडतच नाही.

एकदा पडद्यावर ८५ अंश दिसले. ऊन कडक होतं, म्हणून मी खूशही झालो. पाणी मात्र कोमट! पॉवर मिळताच या चिपच्या मेमरीत ८५ हाच आकडा असतो. पूर्ण बारकाईने, म्हणजे ०.०६२५ अंशाच्या पायरीने मोजायला तिला पाऊण सेकंद लागतो. त्याआधीच वाचलं किंवा मध्ये पॉवर गेली, की ८५ हातात पडतात. फ्रिजमध्ये ८५ दिसले तर कुणी फसणार नाही. सोलरच्या टाकीत ते खरेच वाटतात. माझ्याकडे गच्चीवरचा जोड हिरवा पडला होता. तो नव्याने डाख दिला आणि नेमके ८५.० आले तर टाकून द्यायचे, असं होम असिस्टंटला, म्हणजे घरातली उपकरणं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगून ठेवलं.

गार पाण्याच्या टाकीतला, तरंगून पाण्याची पातळी सांगणारा फ्लोट स्विच त्यापेक्षा साधा: दोन तारा, जोडल्या किंवा सुटल्या. पण पाणी हिंदकळलं की तो क्षणात दहादा चालू-बंद होतो, म्हणून स्थिती पाच सेकंद टिकली तरच खरी धरायची. लांब तार अँटेनासारखीही वागते. पंप सुरू होताच टाकी भरल्याची खोटी खबर येऊ शकते. इथेही बाहेरून एक रेझिस्टर लावावा. आणि ही तार २३० व्होल्टच्या पाइपातून नेऊ नये, वायरमन ‘जागा आहे की’ म्हणाला तरी.