रॉकी आणि बुलविंकल

रॉकी आणि बुलविंकल : शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेली विनोदी कार्टून मालिका. ती दोन नावांनी दाखवली गेली. एबीसी वाहिनीवर १९ नोव्हेंबर १९५९ पासून ‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ आणि एनबीसीवर २४ सप्टेंबर १९६१ पासून ‘द बुलविंकल शो’. नवे भाग १९६४ मध्ये थांबले, तोवर अर्ध्या तासाचे १६३ भाग झाले होते. रॉकी ही वैमानिकाची टोपी घालणारी उडती खार (आपले शेकरू नव्हे, शेकरू झेप घेते, तरंगत नाही) आणि बुलविंकल हा मूस (उत्तर अमेरिकेतील थोराड हरीण) जातीचा, फताड्या शिंगांचा, मनाने निर्मळ आणि डोक्याने बेताचा प्राणी. दोघे मिनेसोटा राज्यातील फ्रॉस्टबाइट फॉल्स या काल्पनिक गावचे रहिवासी. गाव कूचिचिंग परगण्यात असल्याचे मालिकेत सांगितले जाते. हा परगणा खरा आहे, त्यामुळे गावाचे नाव तेथील इंटरनॅशनल फॉल्स या कॅनडाच्या सीमेवरील गावावरून सुचले असावे, असे सहसा मानतात.

उगमाचा वाद : श्रेयनामावलीत जे वॉर्ड (१९२०–८९) यांचे नाव ठळक असल्याने पात्रांचे जनकत्व अनेक वर्षे त्यांच्याकडेच जात राहिले. ते निम्मेच खरे आहे. वॉर्ड कॅलिफोर्नियातील बर्कलीचे, धंदा जमीनजुमल्याच्या दलालीचा. त्यांचे बालमित्र अलेक्झांडर अँडरसन (१९२०–२०१०) हे टेरीटून्स या कार्टून स्टुडिओचे मालक पॉल टेरी यांच्या जवळच्या नात्यातले आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले चित्रकार होते. दूरचित्रवाणीसाठी स्वस्तात कार्टून करता येतील ही कल्पना अँडरसन यांनी आधी टेरींपुढे मांडली. चित्रपट वितरकांचा रोष ओढवेल म्हणून टेरींनी ती नाकारली. मग अँडरसन यांनी वॉर्ड यांच्याशी भागीदारी केली आणि ‘क्रूसेडर रॅबिट’ ही मालिका निघाली. खास दूरचित्रवाणीसाठी बनवलेली पहिली कार्टून मालिका म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्या आरंभाचे वर्ष काही संदर्भग्रंथ १९४९ देतात, काही १९५०. पहिले वर्ष चाचणीच्या प्रक्षेपणाचे असावे. नियमित प्रक्षेपण १९५० मधले धरणे अधिक सुरक्षित. छोटा हुशार ससा आणि त्याचा थोराड, भोळा वाघमित्र ही त्या मालिकेची जोडी. खार आणि मूस हा तोच साचा पुढे आलेला दिसतो.

याच सुमारास दोघांनी ‘द फ्रॉस्टबाइट फॉल्स रिव्ह्यू’ नावाचा प्रस्ताव तयार केला होता. उत्तरेकडच्या रानातले प्राणी मिळून एक दूरचित्रवाणी केंद्र चालवतात, अशी कल्पना. त्यात रॉकी होता, बुलविंकलही होता. पैसा उभा राहिला नाही आणि प्रस्ताव कागदावरच राहिला. बुलविंकल आपल्याला स्वप्नात दिसला, असे अँडरसन सांगत. पत्त्यांच्या डावाला एक मूस येऊन बसला आहे आणि पत्त्यांच्या बावळट जादू करून दाखवतो आहे, असे ते स्वप्न. नाव मात्र स्वप्नातले नव्हे, बर्कली भागातील एका मोटारविक्रेत्याच्या आडनावावरून घेतलेले. ‘रॉकेट जे. स्क्विरल’ आणि ‘बुलविंकल जे. मूस’ या पूर्ण नावांतले ‘जे’ हे वॉर्ड यांच्या नावाचे आद्याक्षर, असा समज रूढ आहे.

‘क्रूसेडर रॅबिट’चे हक्क भागीदारांच्या हातून गेले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वॉर्ड यांनी जुना प्रस्ताव बाहेर काढला तेव्हा अँडरसन सॅन फ्रान्सिस्कोत जाहिरातीच्या क्षेत्रात स्थिरावले होते. लॉस अँजेलिसला जायला ते तयार झाले नाहीत. वॉर्ड यांनी लेखक आणि सहनिर्माता म्हणून बिल स्कॉट (१९२०–८५) यांना घेतले. (तिघांचाही जन्म एकाच वर्षीचा, हा निव्वळ योगायोग.) वॉर्ड यांच्या निधनानंतर मालिकेवरील एका माहितीपटात आपला नामोल्लेखही नसल्याचे अँडरसन यांच्या ध्यानात आले आणि पात्रांचे स्वामित्वहक्क एकट्या वॉर्ड यांच्या नावे असल्याचेही उघड झाले. त्यांनी दावा लावला. १९९० च्या दशकात तो तडजोडीने मिटला आणि रॉकी, बुलविंकल व डडली डू-राइट (मालिकेतील एका सदराचा नायक) या पात्रांच्या ‘पहिल्या रूपाचे’ जनक म्हणून त्यांना मान्यता मिळाली.

ही शब्दयोजना जपून वाचावी लागते. एका मताप्रमाणे मालिका मुळात अँडरसन यांची, वॉर्ड केवळ निर्माते. दुसऱ्या मताप्रमाणे पात्रांची रेखाटने हा कच्चा माल आणि मालिका म्हणजे तिची संहिता. म्हणून ती वॉर्ड आणि स्कॉट यांची. मान्यतेच्या यादीत बोरिस आणि नताशा या हेरांची नावे नाहीत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. प्राणी पहिल्या टप्प्यातले, राजकारण दुसऱ्या टप्प्यातले, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून होईल.

निर्मिती : प्रायोजक जनरल मिल्स ही न्याहारीची तृणधान्ये विकणारी कंपनी. खर्च कमी राहावा म्हणून चित्रणाचे काम मेक्सिको सिटीतील गॅमा प्रॉडक्शन्स या स्टुडिओकडे देण्यात आले. लॉस अँजेलिसला संहिता आणि आवाज, मेक्सिकोत चित्रे, अशी विभागणी होती. एकाच पार्श्वभूमीवर फक्त ओठ किंवा हात हलवायचे, बाकी देह स्थिर ठेवायचा, हे मर्यादित अ‍ॅनिमेशनचे तंत्र येथे टोकाला गेलेले दिसते. एका चित्रात असलेली बोरिसची मिशी पुढच्या चित्रात नसते. बुलविंकलची शिंगे आकार बदलतात. चित्र इतके गरीब असल्यामुळेच सारा भार शब्दांवर पडला. ही मालिका डोळे मिटून ऐकली तरी फारसे काही हुकत नाही.

आवाज देणारे कलावंत मोजकेच होते. जून फोरे यांनी रॉकी आणि नताशा, बिल स्कॉट यांनी बुलविंकल, पॉल फ्रीस यांनी बोरिस आणि विल्यम कॉनरॅड यांनी निवेदक केला. हा निवेदक पडद्यामागे राहत नाही. पात्रे त्याच्याशी हुज्जत घालतात, तोही त्यांच्यावर चिडतो. प्रत्येक प्रकरण कड्यावर लटकलेल्या प्रसंगाने संपते आणि निवेदक पुढच्या प्रकरणाची दोन पर्यायी शीर्षके घाईघाईने सांगतो, दोन्ही श्लेषाने भरलेली. यातले बहुतेक श्लेष मराठीत आणणे अशक्य आहे. एक मात्र भाषांतराविना कळतो. एका कथेत बुलविंकलच्या हाती माणकांनी मढवलेली खेळण्यातली बोट लागते आणि ती निघते ‘रूबी यॉट ऑफ ओमर खय्याम’. ओमर खय्यामच्या ‘रुबायात’ या काव्याशी परिचय असलेल्या वाचकाला यापुढे काही सांगायला नको.

पॉट्सिल्व्हेनिया : पहिल्या आणि सर्वांत लांब कथेत, म्हणजे ‘जेट फ्युएल फॉर्म्युला’मध्ये, ४० प्रकरणे आहेत. बुलविंकल आजीच्या पाककृतीने केक करायला जातो, स्फोट होतो आणि शेगडी थेट चंद्रावर पोहोचते. सरकारला त्या मिश्रणात अग्निबाणाचे इंधन दिसते. मग पाककृती पुन्हा जुळवण्याची धडपड, ती पळवू पाहणारे परदेशी हेर, आणि चंद्रावरून उतरलेले गिडनी व क्लॉइड हे दोन चंद्रवासी. त्यांना हे इंधन बनायला नको आहे, कारण एकदा का ते झाले की पृथ्वीवरचे सहलकरी चंद्रावर लोटतील. स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाने १९५७ मध्ये अमेरिकेची झोप उडवली त्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

हेर येतात पॉट्सिल्व्हेनिया देशातून. बोरिस बॅडेनॉव्ह हे नाव रशियाचा झार बोरिस गोदुनोव्ह याच्या नावावर बेतलेले आणि उच्चारताना ‘पुरेसा वाईट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांसारखे ऐकू येणारे. जोडीदारीण नताशा फताल; तिच्या आडनावात ‘घातकी मोहिनी’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग दडलेला आहे. त्यांचा वरिष्ठ ‘फिअरलेस लीडर’, म्हणजे निर्भय नेता.

हा देश म्हणजे सोव्हिएत संघच, असे सरसकट लिहिले जाते. काही अभ्यासक याला हरकत घेतात आणि त्यांचे म्हणणे चित्रांवरून तरी पटते. निर्भय नेत्याच्या डोळ्यावर एकभिंगी चष्मा, गालावर व्रण आणि अंगात प्रशियन धाटणीचा लष्करी पोशाख आहे. तो मॉस्कोपेक्षा महायुद्धपटांतल्या बर्लिनमधून आलेला वाटतो. बोरिसचे बोलणे पूर्व युरोपीय, वेश काळी हॅट घातलेल्या मूकपटातल्या खलनायकाचा. साम्यवादाचा उच्चार जवळपास नाही. पॉट्सिल्व्हेनियाला विचारसरणीच नाही. दुष्टपणा हाच तेथला राष्ट्रीय उद्योग. शत्रू असा जुन्या करमणुकीच्या अडगळीतून जुळवलेला आहे आणि टोमणा शत्रूइतकाच, त्याला भिण्याची सवय लागलेल्या प्रेक्षकालाही आहे.

अमेरिकेच्या बाजूचे लोकही यातून सुटत नाहीत. ‘अपसिडेझियम’ हा वर तरंगणारा धातू मिळवण्यासाठी सैन्य जी धांदल उडवते ती हेरांच्या धांदलीहून शहाणी नाही. दुसऱ्या एका कथेत बोरिस बुद्धी नष्ट करणारा वायू सोडतो. शास्त्रज्ञ वेडे होतात. बुलविंकलवर परिणाम होत नाही, कारण नष्ट व्हायला तेथे काही नाही. तृणधान्याच्या खोक्यांची झाकणे जमवून बक्षिसे मिळवण्याच्या त्या काळच्या छंदावरही एक कथा आहे. बोरिस खोटी झाकणे छापतो आणि जगाची अर्थव्यवस्था डळमळते. प्रायोजक कंपनीचा स्वतःचाच धंदा तो होता, त्यामुळे ही कथा तिला रुचली नाही असे सांगतात.

गतकाळाची थट्टा : अर्ध्या तासात मुख्य कथेची दोन प्रकरणे आणि मध्ये छोटी सदरे असत. त्यांतील बहुतेकांचे लक्ष्य एकच : जुने ते सोने ही भावना. परीकथांच्या सदरात राजपुत्र हिशेबी निघतात. ‘पीबॉडीज इम्प्रॉबेबल हिस्टरी’ हे सदर व्यंगचित्रकार टेड की यांच्या कल्पनेतून आले. त्यात पीबॉडी हा विद्वान कुत्रा शर्मन नावाच्या पाळलेल्या मुलाला घेऊन कालयंत्राने भूतकाळात जातो. (माणसाने कुत्रा पाळायचा ही रीत येथे उलटी.) तेथे थोर पुरुष आपापल्या ऐतिहासिक क्षणी गोंधळून उभे असतात, पाठ्यपुस्तकात जे व्हायला हवे ते कुत्र्याला घडवून आणावे लागते. डडली डू-राइट हा कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांतला सरळमार्गी, ठोकळा शिपाई. त्याचा शत्रू स्नायडली व्हिपलॅश मूकपटांच्या रिवाजाप्रमाणे बायकांना रेल्वेच्या रुळांना बांधतो. नायिका नेलचा जीव डडलीपेक्षा त्याच्या घोड्यावर अधिक.

सर्वांत धारदार उदाहरण ‘वॉसामोटा यू’ या महाविद्यालयीन फुटबॉलच्या कथेत आहे. तीत दक्षिणेकडचा एक वृद्ध कर्नल आहे. त्याच्या नावात जेफरसन, बोरेगार्ड आणि ली ही अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१–६५) दक्षिणेच्या बाजूच्या पुढाऱ्यांची तीन नावे एकत्र कोंबली आहेत. कुणीही ‘सिव्हिल वॉर’ म्हटले की तो उसळून दुरुस्ती करतो : यादवी नव्हे, ‘राज्याराज्यांमधले युद्ध’. त्या युद्धाच्या शताब्दीचे समारंभ १९६१ पासून देशभर चालू होते आणि हाच शब्दवाद त्यांत गंभीरपणे घातला जात होता. पॉट्सिल्व्हेनियाचे हेर ज्या मैदानात शिरतात ते आधीच शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणात रमलेले असते.

मूसिल्व्हेनिया व इतर खोड्या : वॉर्ड यांची प्रसिद्धीची हौस मालिकेइतकीच विक्षिप्त होती. १९६१ मध्ये त्यांनी लॉस अँजेलिसच्या सनसेट बुलेवारवर बुलविंकलचा फिरता पुतळा उभारला, तोही समोरच्या लास व्हेगासच्या हॉटेलच्या जाहिरातीतील फिरत्या नर्तकीला वेडावण्यासाठी. त्याच वर्षी कार्यक्रमाच्या सुरुवातीला बुलविंकलची बाहुली येई. तिने एकदा मुलांना टीव्हीची बटणे उपटून ठेवायला सांगितले, म्हणजे पुढच्या आठवड्यातही हीच वाहिनी लागलेली राहील. मुलांनी ऐकले. तक्रारी आल्यावर बाहुलीने बटणे गोंदाने परत चिकटवा म्हणून सांगितले. पुढे बाहुली काढून टाकण्यात आली.

१९६२ मध्ये मिनेसोटा–कॅनडा सीमेवरील लेक ऑफ द वूड्समधले एक छोटे बेट मिळवून वॉर्ड यांनी त्याला ‘मूसिल्व्हेनिया’ हे नाव दिले आणि त्याला अमेरिकेचे राज्य म्हणून मान्यता मिळावी यासाठी सह्यांची मोहीम काढली. सजवलेल्या गाडीतून, वाफेच्या वाद्याच्या गजरात, शहरोशहरी फिरत ते अखेर व्हाइट हाउसच्या दारात पोहोचले. रक्षकांनी त्यांना हुसकावले. तो दिवस क्यूबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगाचा होता, असे सोबत असलेल्या प्रसिद्धीप्रमुखाने नंतर सांगितले आहे. नेमकी तारीख या कथनावरच अवलंबून असल्याने ऑक्टोबर १९६२ एवढेच म्हणणे बरे.

बुद्धी वाढवणाऱ्या एका टोपीला ‘कर्वर्ड डर्बी’ हे नाव दिल्याबद्दल दूरचित्रवाणी कलावंत डर्वर्ड कर्बी यांच्या बाजूने खटल्याची धमकी आली होती. खटला जरूर भरा, आम्हाला प्रसिद्धी हवीच आहे, अशा अर्थाचे उत्तर गेल्यावर प्रकरण पुढे सरकले नाही.

उत्तरकाल : पुनःप्रक्षेपणे अनेक वर्षे चालू राहिली. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर, १९९२ मध्ये, बोरिस व नताशा यांच्यावर चित्रपट निघाला. २००० मधील चित्रपटात रॉबर्ट डी निरो यांनी निर्भय नेता साकारला; पीबॉडी आणि शर्मन यांच्यावरचा चित्रपट २०१४ चा, नवी मालिका २०१८ ची. ‘द सिम्पसन्स’चे निर्माते मॅट ग्रेनिंग यांनी होमर जे. सिम्पसन या नावातील ‘जे’ रॉकी आणि बुलविंकलच्या आठवणीखातर ठेवले आहे. सनसेट बुलेवारवर वॉर्ड यांच्या कुटुंबाचे पात्रांच्या वस्तू विकणारे दुकान १९७१ पासून २००५ पर्यंत चालले. जून फोरे २०१७ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी वारल्या. नव्वदीच्या उंबरठ्यापलीकडेही रॉकीचा आवाज त्याच देत होत्या.