लिफ्ट मारायच्या आधी हे वाचा : पिकअपचं स्टेअरिंग आणि पुढचं सस्पेंशन

आमच्याकडे व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दोन इंच लिफ्ट करून द्या, म्हणजे सस्पेंशन बदलून गाडी उंच करा, किती पैसे होतील. आमचं उत्तरही ठरलेलं, आधी गाडी जॅकवर घेऊ. मग काहींना वाटतं हे लोक उगाच काम वाढवतायत, म्हणून हे पत्रक छापलंय, निवांत वाचा आणि मग काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

आधी आहे ते तपासू

इसुझू व्ही-क्रॉस आपल्याकडे २०१६ ला आली आणि टोयोटा हायलक्स २०२२ ला. दोन्हीला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मधे नकल (चाक ज्यावर बसतं आणि ज्याच्याबरोबर वळतं तो भाग), आणि ते नकल दोन्ही आर्मना बॉल जॉइंटने, म्हणजे सगळीकडे फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्याने, धरलेलं. कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र खालच्या आर्मवर बसतात आणि स्टेअरिंग रॅकमधून (स्टेअरिंग फिरवलं की यातला रॉड डावी-उजवीकडे सरकतो) निघालेला टायरॉड हा जोडदांडा नकलला येऊन मिळतो. मागे पाटे आहेत, तो वेगळा विषय, इथे नको.

आता यातला एक जरी जॉइंट ढिला असेल आणि त्यावर तुम्ही नवीन कडक स्प्रिंग, मोठे टायर चढवले तर ढिलेपणा जात नाही, उलट वाढतो. म्हणून आम्ही जॅक खालच्या आर्मखाली लावतो. चेसिसखाली लावला की चाक पूर्ण खाली लोंबतं, जॉइंट टोकाच्या कोनात अडकतात आणि प्ले, म्हणजे जॉइंटमधला ढिलेपणा, लपून जातो. मग चाक वर-खाली धरून हलवायचं, त्यात खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा बेरिंग, आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून परत हलवायचं, ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर बेरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवताना प्ले असेल तर टायरॉड एंड (टायरॉडच्या टोकाचा जॉइंट) किंवा रॅकचा आतला जॉइंट. हे तुम्ही घरी पण करू शकता, फक्त जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका, चेसिसला स्टँड लावा.

रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट नक्की बघा. ताम्हिणी, आंबोलीकडे पावसाळ्यात गाडी घालणाऱ्यांचे बूट फाटलेले सापडतात, मालकाला पत्ताच नसतो. फाटक्या बुटातून लाल चिखल आत जातो, पाणी जातं, आणि मग रॅकचा रॉड गंजतो, सील जातात, तेल गळायला लागतं. बूट आणि रॅक यांच्या किमतीत किती फरक आहे ते आम्हाला विचारा, लगेच पटेल.

कोकणातल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. रत्नागिरी, मालवण भागातल्या गाड्यांचे आर्मचे बोल्ट खाऱ्या हवेने बुशच्या (आर्म जिथे चेसिसला जोडतो तिथला रबरी तुकडा) आतल्या नळीत गंजून एकजीव होतात, पाना लावला तर फिरत नाहीत, कधी कधी कापूनच काढावे लागतात. अशा वेळी बुश आणि बोल्ट दोन्ही नवीन लागतात आणि वेळ जास्त जातो, म्हणून गाडी किनाऱ्याकडची असेल तर आधीच सांगा, अंदाजपत्रक त्या हिशोबाने देऊ.

लिफ्ट केल्यावर नक्की काय बदलतं

गाडी वर उचलली म्हणजे चाक चेसिसच्या मानाने खाली गेलं. आर्मचा कोन बदलला, सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला इंजिनची ताकद देणाऱ्या दांड्याचा सांधा) कोन बदलला, टायरॉडचा कोन बदलला, आणि कास्टर कमी झाला. कास्टर म्हणजे नकल ज्या रेषेवर वळतं ती बाजूने बघितली तर थोडी मागे कललेली असते, त्या कलामुळे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं आणि हायवेवर गाडी सरळ चालते. तो कमी झाला की ८०-९० च्या स्पीडला गाडी इकडेतिकडे भटकायला लागते, सारखं स्टेअरिंग सावरत बसावं लागतं, आणि लोक म्हणतात टायर खराब निघाले. टायर खराब नसतात.

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवताना, कास्टर ॲडजस्ट करता येतो, काही गाड्यांत खालच्या आर्मला कॅम बोल्ट (फिरवून आर्म सरकवायचे) असतात, काहींत वरच्या आर्मला शिम (पातळ पट्ट्या). पण त्यालाही मर्यादा आहे. आमच्या मते अशा गाड्यांना ४० ते ५० मिलिमीटर लिफ्ट बास. तेवढ्यात बहुतेक वेळा मूळ आर्म चालून जातात. त्यापुढे जायचं तर वरचा आर्म बदलावा लागतो, ज्याचा बॉल जॉइंट जास्त कोन घेतो आणि ज्यात कास्टर आधीच वाढवून दिलेला असतो, शिवाय मूळ आर्म चाक पूर्ण खाली गेल्यावर स्प्रिंगला घासू शकतो, तो त्रासही जातो. बाजारात कोणी चार इंच करून देतो म्हणेल, देईलही, पण सीव्ही जॉइंट किती टिकतील ते त्यालाच विचारा.

स्पेसरचं पण सांगतो. शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकून स्वस्तात लिफ्ट होते हे खरं, पण शॉकअप चाकाच्या बराच आत बसलेला असल्यामुळे स्पेसरच्या जाडीच्या साधारण दुप्पट गाडी उचलते, म्हणजे २५ मिलिमीटरचा स्पेसर टाकला की जवळपास ५० ची लिफ्ट. लोक ५० चा स्पेसर मागायला येतात! आणि स्पेसरने शॉकअप आहे तोच राहतो, खड्ड्यात तसाच वागतो, फक्त गाडी उंच दिसते. दिसण्यासाठीच करायचं असेल तर आमची हरकत नाही, पण पैसे साठवून स्प्रिंग-शॉकअपचा सेट घ्या असंच आम्ही सांगू. स्प्रिंग निवडताना पुढचं वजन खरं सांगा. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आज आहे का, की पुढच्या वर्षी लावणार आहात? त्या वजनाची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी बैलगाडीसारखी आपटते.

काही पिकअपना पुढे कॉइल नसते, टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लांब रॉड. त्याचा ॲडजस्टर बोल्ट आवळला की गाडी उचलते, एक पाना आणि दहा मिनिटं, म्हणून सगळेच करतात. पण त्याने बार कडक होत नाही, फक्त चाकाची खाली जायची जागा कमी होते, आणि खड्ड्यावरून जाताना धाडकन आवाज येतो. थोडंसं बसलेलं पुढचं अंग मूळ उंचीला आणायला ठीक, त्यापलीकडे नको.

जाड टायरॉड लावावा का

हा प्रश्न दगडधोंड्यात गाडी घालणारे विचारतात. मूळ टायरॉड एका अर्थाने घरातल्या फ्यूजसारखा आहे, चाक दगडात अडकून जोरात झटका बसला की तो वाकतो आणि रॅक वाचतो. तुम्ही दुप्पट जाड टायरॉड लावला की तो झटका सरळ रॅकवर जातो. म्हणून आम्ही सरसकट जाड टायरॉड लावत नाही, चांगल्या कंपनीचा मूळ मापाचा लावतो आणि ऑफरोडला जाताना एक जादा एंड आणि स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून भोकात घालायची) गाडीत ठेवायला सांगतो. चाक अडकलंय आणि स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून तसंच धरून ठेवलंय असं करू नका, ५-१० सेकंदांपेक्षा जास्त धरलं की पॉवर स्टेअरिंगचा पंप तापतो.

रुंद अलॉय आणि व्हील स्पेसर (चाकामागे लावायची चकती) लावून चाक बाहेर काढायची फॅशन आहे. चाक जितकं बाहेर तितका टायरॉड, बॉल जॉइंट आणि बेरिंगवर जोर जास्त. टायर मोठा करायचा तर हिशोब असा, २४५/७० आर १६ ऐवजी २६५/७० आर १६ टाकला की टायरचा व्यास साधारण २८ मिलिमीटर वाढतो, म्हणजे गाडी १४ मिलिमीटर वर, आणि मीटरवर ८० दिसताना तुम्ही खरे ८३ ने चाललेले असता.

बसवताना आम्ही काय करतो

रबरी बुश असलेले आर्म हवेत लटकत असताना पूर्ण आवळायचे नसतात, गाडी चाकांवर उभी करून मगच टॉर्क पान्याने आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण योग्य ग्रीस नसेल तर कुईकुई करतात, रोजच्या गाडीला आम्ही रबरीच सुचवतो. बॉल जॉइंटच्या नटाचं भोक पिनला जुळत नसेल तर नट आणखी थोडा आवळून जुळवतो, कधीही ढिला करून नाही. काम झालं की अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि त्याचा छापील कागद तुमच्या हातात. ५०० ते १००० किलोमीटर झाले की गाडी परत आणा, नवीन स्प्रिंग थोडी बसते, बोल्ट परत तपासावे लागतात, त्याचे पैसे घेत नाही.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल करायला मर्यादा आहेत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये यावर कडक निकाल दिलाय, आणि नियमाबाहेर बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. झिजलेला पार्ट त्याच मापाच्या पार्टने बदलणं वेगळं आणि गाडीची उंची बदलणं वेगळं. म्हणून लिफ्ट करायची असेल तर आधी आरटीओमध्ये आणि विमा कंपनीकडे लेखी विचारून या, काम झाल्यावर बघू म्हणू नका. वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूमलाही विचारा.

काढलेले सगळे मूळ पार्ट आम्ही तुम्हालाच परत देतो. स्प्रिंग, शॉकअप, आर्म चांगले असतील तर भंगारात घालू नका, गाडी विकताना किंवा मूळ उंचीला आणायची वेळ आली तर तेच लागतात. येताना आरसी, आधीचा अलाइनमेंटचा कागद असेल तर तो, आणि गाडी धुऊन आणा, विशेषतः खालून, चिखलाखाली काहीच दिसत नाही. तपासणीला साधारण तासभर लागतो, सकाळी लवकर आलात तर त्याच दिवशी अंदाजपत्रक मिळेल.