थरोब्रेड आणि वॉर्मब्लड: दाखला दोघांकडेही असतो

दिवाळीनंतर माझ्या मावसभावाने, दादाने, एक घोडी घेतली. कुमाईत रंग, कपाळावर पांढरा टिळा, पाय लांब आणि कोरडे, कातडी इतकी पातळ की धावून आल्यावर मानेवरच्या शिरा मोजाव्यात. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "वॉर्मब्लड आहे, दाखल्यासकट." भावही वॉर्मब्लडचाच, म्हणजे युरोपातल्या खेळाच्या घोड्याचा, लावला. दादाची मुलगी जंपिंग शिकते, तिच्यासाठी ही खरेदी होती.

दुसऱ्या दिवशी दादा फाईल घेऊन आमच्या तबेल्यावर आला. "बघ, कागद एकदम पक्का हाय."

कागद खरोखरच पक्का होता. आई-बापाची नावं, जन्मतारीख, मायक्रोचिपचा क्रमांक आणि दोन्ही बाजूंनी काढलेलं घोडीचं रेखाचित्र. चित्रात कपाळावरचा भोवरा जिथं दाखवला होता, तिथंच तो घोडीच्या कपाळावर होता. पण कागद इंडियन स्टड बुकचा होता, म्हणजे घोडी थरोब्रेड, शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची, होती. रेसकोर्सवर धावून बाहेर पडलेली, सुंदर, खरी, नोंदलेली थरोब्रेड. खोटा होता तो एकच शब्द, आणि पैसे त्या शब्दाचे मोजले गेले होते.

दादाला घोडा कळत नाही असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात घोड्याची नजर घरोघरी नसली तरी गल्लोगल्ली होती. शाहू महाराजांच्या पागेच्या आणि त्यांच्या खडखडा नावाच्या घोडागाडीच्या गोष्टी ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या, आणि रेसकोर्स संपलं तरी रेसकोर्स नाका अजून आहे. अकलूजच्या बाजारात उभा केलात तर दादा दात बघून वय सांगेल, कान आत वळलेले दिसले की मारवाडी-काठेवाडी ओळखेल, भीमथडी तट्टू तर लांबून ओळखेल. पण थरोब्रेड आणि वॉर्मब्लड हे दोन्ही आपल्याकडे एकाच नावाने ओळखले जातात: विलायती. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आधी नावाचा गुंता सोडवू. वॉर्मब्लड म्हणजे 'गरम रक्ताचा' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सगळ्याच घोड्यांचं अंग साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हे शब्द स्वभावाचे आणि घडणीचे आहेत. अरबी आणि थरोब्रेड हे तापट, चपळ, म्हणून 'हॉटब्लड'. युरोपात नांगर आणि जड गाडे ओढणारे थंड डोक्याचे अवजड घोडे म्हणजे 'कोल्डब्लड'. वॉर्मब्लड या दोन टोकांच्या मधला. पण म्हणून आज कुणी अरबी घोडा घेऊन तो गाड्याच्या घोडीला लावला की वॉर्मब्लड तयार झाला, असं होत नाही. एचएफ या विदेशी वळूच्या वीर्याची कांडी भरून गावठी गाईला संकरित कालवड झाली, त्या हिशोबाने वॉर्मब्लडकडे बघणारे बरेच जण मला भेटतात. वॉर्मब्लडच्या मागे दोन-अडीचशे वर्षांची निवड आहे आणि त्या निवडीची वही, म्हणजे स्टड बुक, आहे.

खरा फरक याच वहीत आहे.

थरोब्रेडची वही बंद आहे, म्हणजे बाहेरच्या रक्ताला तिच्यात जागा नाही. इंग्लंडमध्ये १७९१ मध्ये जनरल स्टड बुकचा पहिला मसुदा छापला गेला. आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नर बाजू मागे नेत गेलात तर ती तीनपैकी एका घोड्याशी पोचते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन किंवा गोडॉल्फिन अरेबियन. शिंगराचे आई आणि बाप दोघंही वहीत असतील तर शिंगरू वहीत, नसतील तर नाही. आपल्याकडे हे काम पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया बघते. शिंगराचं रक्त किंवा केस घेऊन डीएनए तपासतात आणि आई-बाप तेच आहेत याची खात्री करतात. आणखी एक नियम फार कडक आहे: घोडी प्रत्यक्ष नराला दाखवूनच फळली पाहिजे. कृत्रिम रेतन चालत नाही, दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ वाढवलेला चालत नाही. गोकुळच्या दुधावर वाढलेल्या आपल्या जिल्ह्यात, जिथं बहुतेक कालवडी कांडीनेच जन्मतात, हे ऐकून लोक चकित होतात.

या वहीने घोड्याला एक प्रश्न कधीच विचारलेला नाही: तू कसा आहेस? एकही शर्यत न जिंकलेला, पाय वाकडा असलेला, रेसमध्ये उभाच राहिलेला घोडासुद्धा तेवढाच थरोब्रेड. कोणाची पैदास करायची ते शर्यतीचा निकाल आणि बाजार ठरवतो. वही फक्त जन्म लिहून घेते.

वॉर्मब्लडचं उलट आहे, आणि इथं मला जरा सावकाश सांगावं लागेल, कारण दाखल्याच्या बाबतीत माणसं फसतात ती इथंच.

पहिली गोष्ट, वॉर्मब्लड ही एक जात नाही. हॅनोव्हेरियन, होल्स्टायनर, ओल्डेनबर्ग, वेस्टफालियन, डच वॉर्मब्लड, फ्रान्सचा सेल फ्रान्से, स्वीडिश, डॅनिश अशा कितीतरी वह्या आहेत आणि प्रत्येकीची संस्था वेगळी. घोडा ज्या वहीत नोंदला, ते त्याचं नाव. बाप हॅनोव्हेरियन, आई होल्स्टायनर आणि शिंगरू नोंदलं ओल्डेनबर्ग, हे रोज घडतं. एकाच आई-बापाची दोन सख्खी शिंगरं दोन वेगळ्या वह्यांत असू शकतात. आपल्याला खिलार म्हणजे खिलार अशी सवय आहे, त्यामुळे हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

दुसरी गोष्ट, या वह्या मुळात कामासाठी उघडल्या. हॅनोव्हरचा शासक आणि इंग्लंडचा राजा असलेल्या दुसऱ्या जॉर्जने १७३५ मध्ये सेले इथं सरकारी नरांची पागा काढली, शेतकऱ्यांच्या घोड्यांची प्रत सुधारावी म्हणून. शेताला चालेल, गाडीला चालेल आणि वेळ पडली तर घोडदळात जाईल, असा घोडा त्यांना हवा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला, घोडदळ संपलं आणि या घोड्यांचं कामच गेलं. तिथल्या पैदासकारांनी तेव्हा जे केलं ते मला घोड्यांच्या इतिहासातलं सगळ्यात धाडसाचं काम वाटतं: एका-दोन पिढ्यांत त्यांनी अंगाने भरलेल्या कामाच्या घोड्याचा खेळाचा घोडा केला. होल्स्टाइनमध्ये लेडीकिलर नावाचा थरोब्रेड आणला, फ्रान्सचा कोर द ला ब्रियेर आणला आणि हलकेपणा, लांब मान, उडीची झेप त्यांच्याकडून घेतली. म्हणजे वॉर्मब्लडच्या वहीत थरोब्रेड जाणूनबुजून घातलेला आहे. जर्मन वंशावळीत एखाद्या नावापुढे इंग्रजी 'एक्स' अक्षर दोनदा लिहिलेलं दिसलं तर तो पूर्वज थरोब्रेड होता, हे ओळखावं.

रस्ता मात्र एकाच बाजूने जातो. थरोब्रेड घोडी तपासणीत पास झाली तर वॉर्मब्लडच्या वहीत आई म्हणून जाऊ शकते. वॉर्मब्लडचं शिंगरू थरोब्रेडच्या वहीत कधीच जात नाही. त्यातल्या त्यात घट्ट वही ट्राकेनरची. पूर्व प्रशियात १७३२ मध्ये सुरू झालेल्या पागेचे हे घोडे. तिथं बाहेरून फक्त थरोब्रेड, अरबी आणि त्यांच्या जवळच्या रक्तालाच वाव आहे. त्यांच्या मांडीवर सांबरासारख्या एल्क प्राण्याच्या शिंगांचा डाग असायचा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: तपासणी. शिंगरू आईच्या पायाशी असतानाच परीक्षक येऊन बघतात. घोडी साधारण तीन वर्षांची झाली की तिची स्वतंत्र पाहणी होते: डोकं, मान, खांदा, पाय, चाल, दुडकी, धाव, प्रत्येकाला गुण. तिची सवारीची परीक्षाही घेतात. नराचं तर विचारूच नका. अडीच वर्षांच्या वयात त्याला परीक्षकांपुढे मोकळं सोडून चाल आणि उडी बघतात. त्याआधी एक्स-रे, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी. निवडले जातात थोडे, उरलेल्यांचे बहुधा खच्चीकरण होतं आणि ते सवारीला जातात. जे निवडले, त्यांनाही पुढे सवारीखाली परीक्षा द्यावी लागते, तेव्हा कुठं त्यांची मान्यता टिकते.

आपल्याकडच्या माणसाला हे एका वाक्यात सांगायचं तर मी तालमीचा दाखला देतो. पैलवानाचा पोरगा म्हणून तालमीत जागा मिळेल, पण मैदानात नाव पुकारायचं तर वस्तादाने त्याला मातीत बघितलेला असावा लागतो.

म्हणूनच 'नोंदलेला' आणि 'मान्यताप्राप्त' या दोन शब्दांत गल्लत करू नका. नर वॉर्मब्लड वहीत नोंदलेला असेल, पण पैदाशीला मान्यता नसेल, तर त्याच्या शिंगराला पूर्ण वंशावळीचा दाखला मिळेलच असं नाही. काही वह्यांत फक्त जन्माचा दाखला हातात येतो. लांबून दोन्ही कागद सारखेच दिसतात. तसाच तिसरा कागद म्हणजे स्पर्धेचा पासपोर्ट. त्यात घोड्याची ओळख आणि लसींची नोंद असते. तो पासपोर्ट वंश सिद्ध करत नाही. पासपोर्ट दाखवून 'हे घ्या कागद' म्हणणारे विक्रेते मी पाहिले आहेत.

क्रमांकांचंही तेच. मायक्रोचिपचा क्रमांक १५ अंकी असतो, आणि घोड्याला जन्मभरासाठी मिळणारा ओळख क्रमांकही १५ जागांचाच असतो. चिप घोड्याच्या मानेत असते, दुसरा क्रमांक कागदावर. त्या दुसऱ्यातले पहिले तीन अंक देशाचे: २७६ असेल तर जर्मनी, ५२८ नेदरलँड्स, २५० फ्रान्स. त्यापुढचे अंक वहीकडे नेतात. गाईच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यासारखंच हे, फक्त कान मोकळा.

नावावरूनही बरंच कळतं. हॅनोव्हेरियन शिंगराचं नाव बापाच्या पहिल्या अक्षरावरून ठेवतात, ट्राकेनरचं आईच्या, डच वॉर्मब्लडचं जन्मवर्षाला ठरवून दिलेल्या अक्षरावरून. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकला आपला घोडेस्वार अनुष अगरवाला ज्या घोड्यावर उतरला, त्याचं नाव सर कॅरामेलो ओल्ड. त्यातल्या 'ओल्ड'चा अर्थ म्हातारा असा लावून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. ते ओल्डेनबर्ग वहीचं बिरुद आहे.

कृत्रिम रेतनाच्या बाबतीत वॉर्मब्लडच्या वह्या थरोब्रेडच्या अगदी विरुद्ध टोकाला आहेत. गोठवलेलं वीर्य, दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ, सगळं चालतं. मेलेल्या घोड्याची शिंगरं जन्मतात आणि स्पर्धेत उतरलेली घोडी खेळ न थांबवता आई होते. त्यात एक धोकाही आहे. एकच लाडका नर हजारो घोड्यांना गेला की त्याच्यातला दोषही तितकाच पसरतो. वॉर्मब्लडमध्ये एक जनुकीय दोष आहे, ज्यात शिंगराची कातडी आणि सांधे जन्मतःच फाटण्याइतके नाजूक असतात आणि ते जगत नाही. आई-बाप दोघांत तो लपलेला असेल तर चारात एक शिंगरू तसं निघण्याची शक्यता. केसांच्या चाचणीने हे आधी कळतं. अकरा महिने घोडी सांभाळून असं शिंगरू हाती येऊ नये, म्हणून वॉर्मब्लडची पैदास करणाऱ्याने तरी ही चाचणी सोडू नये.

आता अंगावरची ओळख. थरोब्रेड साधारण पंधरा-सोळा हात उंच (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा), बांधा सडपातळ, पाऊल जमिनीलगत आणि लांब. दोन वर्षांचा असताना शर्यतीला लागतो. वॉर्मब्लड उंचीला सोळा-सतरा हात, हाड जाड, पुढचा भाग वर उचललेला, दुडकीत क्षणभर हवेत थांबल्यासारखा वाटतो. तो उशिरा पिकतो. तीन वर्षांचा झाल्यावर सवारीची सुरुवात, आणि ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींच्या खेळाच्या, सर्वोच्च स्पर्धेत आठ वर्षांच्या आत उतरताच येत नाही. पण नुसत्या नजरेवर विसंबू नका. थरोब्रेड रक्त भरपूर असलेला वॉर्मब्लड आणि अंगाने भरलेला थरोब्रेड शेजारी उभे केले तर जाणताही चुकतो.

आपल्या देशात उड्यांचा आणि घोडेस्वारीचा खेळ मोठ्या प्रमाणात रेसमधून आलेल्या थरोब्रेडनेच उभा केलाय, हे मला आवर्जून सांगायचंय. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं ते युरोपातल्या वॉर्मब्लडवर, आणि त्याचा अभिमान आहेच. पण गावोगावच्या रायडिंग स्कूलमध्ये पोरांना पहिल्यांदा पाठीवर घेतलं ते त्याच 'निवृत्त' घोड्यांनी. थरोब्रेड म्हणजे कमी प्रतीचा वॉर्मब्लड, असा समज कुणी करून घेऊ नये. त्याला पुन्हा शिकवावं लागतं, कारण तो सरळ रेषेत पळायला शिकलेला असतो आणि लगाम ताणला की जोर लावतो. मग त्याची किंमतही त्याच्याच नावाने व्हावी.

दादाने नंतर विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "विलायतीच की, काय फरक पडतो." पैसे परत आले नाहीत.

आम्ही घोडी ठेवून घेतली. पहिले दोन महिने नुसतं चालणं आणि वळणं, मग जमिनीवर पडलेल्या बांबूंवरून दुडकी. परवा पोरीने तिला गुडघाभर उंचीच्या आडव्या दांडीवरून नेलं. घोडी दांडीपाशी येऊन कान टवकारून क्षणभर थांबली आणि मग सरळ रेस संपवायच्या घाईने उडाली, हात-दीड हात जास्तच. दादा कुंपणाला टेकून उभा होता. मी त्याला तिचा कागद परत दिला आणि त्यातल्या आईच्या नावावर बोट ठेवलं. त्या ओळीतली घोडी कुठं धावली होती, ते तो आता शोधतोय.