देवळं पाडणारे हुकूम आणि ‘व्हडलें घर’

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचा, म्हणजे पोर्तुगीज काळात ख्रिस्ती धर्म पसरवायला आलेल्या पाद्र्याचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘झेवियरने इन्क्विझिशन आणलं आणि आमची देवळं पाडली.’ त्यावर उत्तर : ‘तो वारला १५५२ मध्ये, इन्क्विझिशन आलं १५६० मध्ये. त्याचा काय संबंध?’ माझ्या मते दोघंही एकाच ठिकाणी घसरतात. देवळं पाडणं वेगळं आणि इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्तींच्या श्रद्धेची चौकशी करणारं न्यायालय, वेगळं. हुकूम देणारे निराळे, भोगणारेही बरेचसे निराळे.

देवळं पडली ती सरकारी हुकमांनी. पाद्री मागे लागायचे हे खरं, पण सही पोर्तुगालच्या राजाची नाहीतर त्याच्या इथल्या व्हाइसरॉयची. तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्या आसपासची, देवळं १५४० च्या सुमारास पाडली गेली. झेवियरने गोव्यात पाऊल ठेवलं ६ मे १५४२ ला. दक्षिण गोव्यातल्या साष्टीतली पाडापाड १५६० नंतरच्या दशकातली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरची. ही झळ थेट हिंदूंना बसली. कुठ्ठाळीचा मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. पलीकडचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. देव वाचले ते सुलतानाच्या हद्दीत, हे आजच्या भांडणात कुणालाच सोयीचं नाही.

इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षण सभा, हे होतं न्यायालय. जुन्या गोव्यात ते आदिलशहाच्या वाड्यात भरायचं. लोक त्याला ‘व्हडलें घर’, म्हणजे मोठं घर, म्हणत. त्याचा मुख्य अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवर : ख्रिस्ती होऊनही जुना धर्म पाळतोस का, एवढाच प्रश्न. सुरुवातीला रोख होता ज्यू मुळाच्या नवख्रिस्तींवर. इथल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. नंतर पाळी देशी ख्रिस्तींची. १७३६ च्या फर्मानात तर दारातली तुळस आणि मीठ न घालता शिजवलेला भातही गुन्ह्यांच्या यादीत आहे. घरातल्या चुलीपर्यंत पोचलेली ही सत्ता मला देवळावरच्या घणापेक्षा जास्त भयंकर वाटते. धर्मांतरात आडवे आल्याच्या आरोपावरून हिंदूही यात सापडत, पण खटल्यांचा मोठा भार बाटलेल्यांवरच. १७७४ पर्यंत खटले सोळा हजारांवर गेले. १८१२ मध्ये सभा कायमची बंद झाली.

मग झेवियर यात कुठे बसतो? १६ मे १५४६ ला आजच्या इंडोनेशियातल्या अंबॉन बेटावरून त्याने पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की भारतात इन्क्विझिशन हवं, कारण इथे कितीतरी लोक मोझेसच्या (म्हणजे ज्यू) किंवा मुसलमानांच्या धर्माप्रमाणे राहतात. म्हणजे मागणी त्याची, पण ते चालवायला तो हयात नव्हता. आणि गोव्यातली देवळं त्याच्या नावावर टाकता येत नसली, तरी २७ जानेवारी १५४५ चं कोचीनहून धाडलेलं त्याचं पत्र आहेच. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर बाप्तिस्मा उरकला की मूर्तींच्या झोपड्या पाडायला आणि मूर्ती फोडायला आपण सांगतो, असं त्यात तो स्वतःच आनंदाने कळवतो.