पाटील, सदाशिव कानोजी

(१४ ऑगस्ट १८९८ – २४ जुलै १९८१). मुंबईचे महापौर (१९४९–५२), केंद्रीय मंत्री व काँग्रेसचे संघटक. ‘स. का. पाटील’ या नावाने परिचित. जन्म सावंतवाडी संस्थानात. असहकाराच्या चळवळीत महाविद्यालय सोडले. पुढे लंडनमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतले. मुंबई प्रदेश काँग्रेसचे ते दीर्घकाळ सरचिटणीस आणि १९४६ पासून अध्यक्ष होते. वल्लभभाई पटेलांचा त्यांच्यावर विश्वास होता. १९३७ मध्ये मुख्यमंत्रिपदाच्या वादातून माजी महापौर के. एफ. नरिमन बाजूला पडले, तेव्हा शहर काँग्रेसमध्ये जी जागा मोकळी झाली ती पुढच्या दहा वर्षांत पाटलांनी व्यापली.

त्यांचा ‘मुंबईचा अनभिषिक्त राजा’ असा उल्लेख होतो आणि तो बहुधा महापौरपदाशी जोडला जातो. हे फारसे बरोबर नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आणि खर्चाच्या मंजुरीची नाडी मुख्यतः स्थायी समितीकडे ठेवली होती. महापौर (१९३१ पूर्वी या पदास ‘अध्यक्ष’ म्हणत) सभागृह चालवी आणि पाहुण्यांना मानपत्रे देई. गटार कुठून न्यायचे हे ठरवणारी सही आयुक्ताची. शिवाय पद एका वर्षाचे. ते हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती यांच्यात आळीपाळीने फिरावे असा संकेतही होता. त्यामुळे पाटील लागोपाठ तीनदा त्या खुर्चीवर बसले, यावरून खुर्चीची नव्हे तर पक्षातील त्यांची ताकद दिसते. प्रौढ मतदानाने झालेल्या १९४८ च्या निवडणुकीतून आलेले सभागृह काँग्रेसच्या हाती होते, आणि शहर काँग्रेसची सूत्रे पाटलांच्या हाती. १९५० मध्ये उपनगरे जोडून बृहन्मुंबई झाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. मात्र तो राज्य शासनाचा निर्णय होता, त्याचे श्रेय महापौराला देणे ओढूनताणून होईल.

संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर ते मुंबई वेगळी ठेवण्याच्या बाजूने होते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई व पाटील यांची सभा श्रोत्यांनी उधळून लावली. या सभेतील पाटलांच्या उद्गाराचे दोन पाठ प्रचलित आहेत : ‘पाच हजार वर्षांनीही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही’ असा एक, आणि ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ (सूर्य-चंद्र असेपर्यंत) हा शब्द असलेला दुसरा. काँग्रेस जिवंत असेपर्यंत मुंबई मिळणार नाही, हे वाक्य सामान्यतः मोरारजींच्या नावे दिले जाते, पण दोघांची वाक्ये आठवणींतून सरमिसळ झालेली आढळतात. आकड्याचा पाठ अधिक प्रसृत आहे. संस्कृत शब्दाचा पाठ मागाहून घोटून गुळगुळीत झाल्यासारखा वाटतो, म्हणून पहिला पाठ ग्राह्य धरणे बरे. तरीही सावधगिरी हवी. आंदोलनाचा आवाज बनलेले आचार्य अत्रे यांचे दैनिक मराठा १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे सभेनंतर जवळजवळ वर्षाने सुरू झाले. तेव्हा आज तोंडपाठ असलेली शब्दरचना कितपत सभेतली आणि कितपत आंदोलनातल्या व्यासपीठांवरची, हे वेगळे काढणे अवघड आहे. आशयाबद्दल मात्र दुमत नाही. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि त्यानंतर पाटलांचे नाव मराठी मुलखात कायमचे कडवट झाले.

गंमत अशी, की १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्रवादी लाटेतही दक्षिण मुंबईतून ते लोकसभेवर निवडून आले. महापालिका मात्र काँग्रेसच्या हातून निसटली. १९५८ मध्ये कम्युनिस्ट एस. एस. मिरजकर महापौर झाले.

केंद्रात त्यांनी पाटबंधारे व वीज, वाहतूक व दळणवळण, अन्न व कृषी (१९५९–६३) आणि रेल्वे (१९६४–६७) ही खाती सांभाळली. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तीनच दिवस झाले असता, ४ मे १९६० रोजी, त्यांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासोबत पी.एल. ४८० (अमेरिकेचा अन्नधान्य-साहाय्याचा कायदा) खालील धान्य-करारावर सही केली : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ. १९६३ मध्ये कामराज योजनेनुसार (ज्येष्ठ नेत्यांनी सत्तापदे सोडून पक्षकार्य करावे अशी योजना) त्यांनी मंत्रिपद सोडले.

१९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचा पराभव केला. फर्नांडिस तेव्हा मुंबई महापालिकेचे नगरसेवक होते. ज्या सभागृहात पाटील अध्यक्षस्थानी बसत, तिथल्याच एका सदस्याने त्यांना हरवले. पुढे बनासकांठा (गुजरात) येथील पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत परतले. काँग्रेसमधील ‘सिंडिकेट’ या बड्या प्रादेशिक नेत्यांच्या गटात त्यांची गणना होई. १९६९ च्या फुटीनंतर ते इंदिरा गांधींच्या विरोधातील संघटना काँग्रेसमध्ये राहिले. मालवण येथील महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.