शेडमधली गाडी आणि तिचा नंबर: ब्रिटनमधल्या एका विचित्र धंद्याची पार्श्वभूमी

ब्रिटनमधे कुणाच्या तरी शेडमधून तीस-चाळीस वर्षं धूळ खात पडलेली गाडी बाहेर निघाली की आजकाल लोक आधी बॉनेट उघडत नाहीत, नंबर वाचतात. नंबर छोटा असेल, दोन अक्षरं आणि दोन आकडे वगैरे, तर गाडीच्या पत्र्याचं काय झालंय याला फारसा अर्थ राहत नाही, कारण गाडीपेक्षा नंबरच महाग. मग गाडी चालू करायची, नंबर सुटा काढून विकायचा, त्या पैशातून उरलेली गाडी दुरुस्त करायची. ऐकायला एकदम सोपं. पण हे असंच का करावं लागतं, आणि दोन सारख्याच गाड्यांमधे एकीचा नंबर विकता येतो अन् दुसरीचा का येत नाही, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्लेट विकली असं सगळे म्हणतात पण विकला जातो तो पत्रा नव्हे, प्लॅस्टिकही नव्हे. नंबर सरकारचाच राहतो, तो वापरायचा हक्क तेवढा हातोहात फिरतो. आणि हा हक्क गाडीच्या मालकाला नसतो, ज्याचं नाव नोंदणीच्या कागदावर ‘कीपर’ म्हणून आहे त्याला असतो. त्या कागदावर स्पष्ट छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. म्हणजे वडिलांच्या नावावरची गाडी मुलाने घासूनपुसून चालू केली म्हणून नंबर आपोआप त्याचा होत नाही, आधी कागदावर नाव बदलायला लागतं. भाऊ-बहिणींची निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

सुरुवातीचा काळ पटकन उरकतो. १९०३ चा मोटार कायदा, १ जानेवारी १९०४ पासून लागू, नंबर द्यायचं काम काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे. लंडनला ए, लँकशरला बी अशी लोकसंख्येच्या क्रमाने अक्षरं वाटली, पुढे ९९९९ पर्यंत आकडे. लंडनच्या ए १ साठी एका अर्लसाहेबांनी रात्रभर रांग लावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे, म्हणजे नंबराचं वेड नंबराइतकंच जुनं. आकडे संपायला लागले तशी १९३२ पासून तीन अक्षरं आली, तीही संपली तेव्हा उलटी मांडणी, आधी आकडे मग अक्षरं. स्कॉटलंडच्या काही चिमुकल्या काउंट्यांत गाड्याच इतक्या कमी की साठच्या दशकापर्यंत त्यांची दोन अक्षरंसुद्धा संपली नाहीत, त्यामुळे १९६० सालच्या साध्या घरगुती गाडीलाही तिकडे दिसायला १९१० चा वाटेल असा नंबर मिळायचा.

खरी किंमत चढली ती १९६३ नंतर. त्या वर्षी नंबराच्या शेवटी सालाचं अक्षर लावायला सुरुवात झाली, १९६५ पासून ते सगळीकडे सक्तीचं झालं. तोपर्यंत नंबर बघून गाडीचं वय कुणाला कळत नव्हतं, आता शेजारीपाजारी लांबूनच सांगायला लागले की ही अमुक सालची. त्यामुळे जुने बिनसालाचे नंबर एकदम वेगळे दिसायला लागले, दिसायला रुबाबदार आणि गाडी किती जुनी ते कळू न देणारे. जुनी गाडी नवी असल्याचं भासवेल असा नंबर लावता येत नाही, पण नवीला जुना नंबर चालतो. बाजार उभा राहायला एवढा एक नियम पुरला.

मग जे व्हायचं तेच झालं. साठ-सत्तरच्या दशकात ज्या गाड्यांसाठी आज लोक जीव टाकतात त्या तेव्हा नुसत्या जुन्या गाड्या होत्या, भंगाराच्या भावाने मिळायच्या. नंबरांचे दलाल त्या विकत घ्यायचे, नंबर काढायचे, गाडी मोडीत. नंबर कागदावर नुसता राखून ठेवायची सोय तेव्हा नव्हती, तो कशावर तरी चढवलेला असायलाच हवा, म्हणून दलालांच्या गोदामात मोडक्या मोपेडची रांग असायची आणि एकेका मोपेडवर एखाद्या लॉर्डाला शोभेल असा नंबर. हसू येतं वाचून, पण त्या प्रत्येक मोपेडमागे एक कापलेली गाडी असू शकते हेही खरं.

आता तो मुद्दा ज्यावरून जुन्या गाड्यांच्या लोकांत अजून वाद पेटतो. १९७४ पर्यंत सगळी नोंद कौन्सिलांच्या जाडजूड वह्यांत होती. मग ठरलं की सगळं एका ठिकाणी आणायचं, वेल्समधल्या स्वान्सीला, कॉम्प्युटरवर. नव्या गाड्या थेट तिकडे नोंदवल्या जायला लागल्या आणि जुन्या गाड्या त्यांच्या रोड टॅक्सचं नूतनीकरण आलं की हळूहळू तिकडे सरकल्या. बरं. पण ज्या गाडीचा टॅक्सच कुणी भरत नव्हतं तिचं काय? जी गाडी १९७२ ला गॅरेजमधे ढकलून वर ताडपत्री टाकली, कधीतरी करू म्हणून, ती कॉम्प्युटरवर चढलीच नाही. अशा लोकांनी आपलं जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीची जुनी वही, पाठवून नोंद करून घ्यावी म्हणून मुदत दिली आणि ती १९८३ ला संपवली. संपली म्हणजे संपली, त्यानंतर तो नंबर सरकारदरबारी अस्तित्वातच नाही.

ज्यांना मुदत कळलीच नाही असे कितीतरी. गाडी खळ्यात पडलेली, मालक म्हातारा किंवा गेलेला, लॉगबुक कुठल्यातरी ट्रंकेच्या तळाशी. त्यातून कौन्सिलांच्या वह्यांचं पुढे काय झालं ते तर अजून वाईट, काही अभिलेखागारात पोचल्या, काही हौशी लोकांनी अक्षरशः कचऱ्यातून उचलून वाचवल्या आणि बऱ्याच गेल्याच. म्हणजे नोंद ठेवायची जबाबदारी सरकारची, नोंद हरवली सरकारी यंत्रणेने, आणि पुरावा आणायचा नागरिकाने. मला तरी यात बचाव करण्यासारखं काही दिसत नाही.

नंतर यातून वाट म्हणून जी योजना आली ती तिच्या फॉर्मच्या नावाने ओळखली जाते, व्ही७६५. जुन्या गाडीला तिचा मूळ नंबर परत मिळवायचा तर हा फॉर्म, सोबत तो नंबर आणि तीच गाडी यांची सांगड घालणारा त्या काळचा कागद, जुनं लॉगबुक, जुना टॅक्स डिस्क (टॅक्स भरल्याचा काचेवर लावायचा गोल कागद), वहीतला उतारा असं काहीतरी, आणि मान्यताप्राप्त क्लबने गाडी आणि कागद तपासून केलेली सही. चासी नंबर जुळला पाहिजे. नुसत्या जुन्या फोटोत नंबर दिसतो म्हणून भागत नाही. इथवर ठीक. पण शेवटची अट अशी की असा परत मिळालेला नंबर त्या गाडीवरून कधीच काढता येत नाही. विकता येत नाही, दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही.

म्हणजे बघा, शेजारशेजारच्या दोन शेडमधे एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेल्या दोन गाड्या. एकीचा टॅक्स शेवटचा १९७९ ला भरलेला, ती कॉम्प्युटरवर आहे, नंबर सुटा करता येईल, कदाचित घराची डागडुजी निघेल त्यातून. दुसरी १९७२ पासून बंद, तिचा नंबर तितकाच सुंदर, पण बाजारात किंमत शून्य. फरक गाडीत नाही, नंबरात नाही, कुणी कधी टॅक्स भरायचा सोडला एवढ्यात.

या अटीच्या बाजूने बोलणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. ही अट नसती तर दलालांनी जुनी लॉगबुकं गोळा करून, सांगाड्यावर नंबर परत आणून, सांगाडा टाकून नंबर विकला असता. अटीमुळे गाडी आणि नंबर एकत्र राहिले, कितीतरी गाड्यांची ओळख वाचली. मान्य. मला खुपतं ते पुढचं. १९८३ ला सालाचं अक्षर पुढे आणणारी नवी पद्धत आली तेव्हा स्वान्सीच्या त्या सरकारी नोंदणी खात्याने १ ते २० असे छोटे आकडे हुशारीने बाजूला काढून ठेवले, आणि १९८९ पासून स्वतःच दुकान मांडलं. त्याच वर्षी लंडनच्या एका नामांकित लिलावघरात पहिला लिलाव झाला, त्यात १ ए हा नंबर दीड लाख पौंडांच्या वर गेला. म्हणजे शेडमधल्या माणसाला सांगायचं की बाबा नंबर हा वारसा आहे, त्याचा बाजार मांडू नको, आणि स्वतः हातोडा आपटायचा. वारशाची एवढी काळजी होती तर वह्या का जाऊ दिल्या हा प्रश्न उरतोच.

त्यानंतर भाव कुठे गेले ते बहुतेकांना माहीत आहे. २००८ ला एका काउंटी कौन्सिलने १९०४ पासून स्वतःकडे असलेला एफ १ विकला, कर वगैरे धरून ४ लाख ४० हजार पौंडांच्या वर. २०१४ ला २५ ओ हा नंबर ५ लाख १८ हजार पौंडांना गेला, आणि घेणाऱ्याने तो घेतला फेरारी २५० साठी, इंग्रजीत ओ हे अक्षर शून्यासारखं दिसतं, म्हणजे २५ ओ वाचताना २५० वाटतो. या बातम्यांमुळे झालं काय की प्रत्येकाला आपल्या आजोबांच्या गाडीवर घबाड दिसायला लागलं. प्रत्यक्षात तीन अक्षरं तीन आकडे असा साधा जुना नंबर, ज्यातून कुणाचं नाव किंवा शब्द निघत नाही, तो असल्या रकमेच्या जवळपासही जात नाही. काही वेळा गाडी चालू करायचा खर्चसुद्धा सुटत नाही त्यातून.

आणि गाडी चालू करावीच लागते. नंबर सुटा करायचा तर गाडी खात्याच्या नोंदीत पाहिजे, स्वतःच्या इंजिनावर हलणारी पाहिजे, खात्याने तपासायला मागितली तर दाखवता आली पाहिजे. टॅक्स भरलेला हवा किंवा गाडी रस्त्यावर नाही असं कळवणारा सॉर्न हवा, हा सॉर्न १९९८ ला आला. आणि सॉर्न पाच वर्षांहून जुना असेल तर टॅक्स भरून एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी, केलेली पाहिजे. मोपेडच्या जमान्यातल्या कापाकापीला लगाम घालायला या अटी उपयोगी पडतात. तेव्हा नंबरापायी गाड्या मोडीत जायच्या, आता नंबरापायी मेलेल्या गाड्या उठतात, निदान एकदा तरी.

उठवणं म्हणजे बॅटरी लावून चावी फिरवणं नव्हे हे नव्या लोकांना कळत नाही. इतकी वर्षं उभ्या गाडीत पिस्टन सिलिंडरला धरलेले असू शकतात, थेट स्टार्टर मारला तर रिंगा मोडतात. प्लग काढून भोकांतून पातळ तेल सोडायचं, दोन-चार दिवस मुरू द्यायचं, मग हाताने क्रँक सावकाश फिरवून बघायचं. क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटलेली, ब्रेकचे शू ड्रमला धरलेले, ब्रेक सिलिंडर जाम, टाकीच्या तळाशी जुन्या पेट्रोलची खळ. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असतंच असतं. शिसं असलेलं पेट्रोल २००० च्या सुरुवातीला सर्वसाधारण विक्रीतून गेलं, त्यामुळे जुन्या हेडमधे कडक व्हॉल्व्ह सीट बसवा किंवा बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह ओता. वर २०२१ पासून साध्या पेट्रोलमधे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुन्या रबरी पायपांना खातं, म्हणून पेट्रोलचे पाइप आधी बदलायचे. ब्रेकच्या आधी इंजिनामागे लागू नये असं सगळे जाणते सांगतात आणि कुणी ऐकत नाही, कारण इंजिनाचा आवाज ऐकायची घाई.

चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना रस्त्यावर चालवायला २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, रोड टॅक्सचे पैसेही लागत नाहीत, फक्त शून्य पौंडांचा टॅक्स भरल्याची नोंद तेवढी करावी लागते. तरी शहाणे लोक एमओटी करून घेतात, कागद हाताशी असलेला बरा. नंबर काढायची फी ८० पौंड. हातात येतो तो राखीव प्रमाणपत्राचा कागद, २०१५ पासून त्याची मुदत एकदम दहा वर्षांची झाली, त्यामुळे आता मोपेडची गरज उरली नाही.

क्रमाचं मात्र भान ठेवायला लागतं. गाडी आधी विकली आणि नंबर काढायचा राहिला तर नंबर गाडीबरोबर गेला, मागून रडून उपयोग नाही. असं झालेली माणसं आहेत.

नंबर गेला की खातं गाडीला तिच्या वयाला शोभेल असा दुसरा नंबर देतं. १९६३ च्या आधीच्या गाड्यांसाठी हे नंबर बऱ्याचदा त्याच स्कॉटिश चिमुकल्या काउंट्यांच्या न वापरल्या गेलेल्या अक्षरांतून येतात, त्यामुळे आयुष्यभर दक्षिण इंग्लंडमधे फिरलेल्या गाडीवर अचानक डोंगराळ उत्तरेकडची अक्षरं बसतात आणि जाणकार लांबूनच ओळखतो की हिचा नंबर विकलाय. काळ्यावर रुपेरी अक्षरांची पाटी नव्या नंबराची करून घ्यायची, १९८० च्या आधी बनलेल्या गाडीला ती चालते. या बदली नंबराला बाजारात काडीची किंमत नसते, आणि तोही पुन्हा गाडीवरून काढता येत नाही.