पाया ओतण्याआधी लाइटवाल्याला बोलवा

आमच्या गल्लीत एका नव्या घराची फुटिंगं (पायाचे काँक्रीटचे ठोकळे) भरायची तयारी चालली होती. सळयांच्या जाळ्या बांधून झाल्या होत्या, मिक्सर दोन दिवसांनी येणार होता. मालकांना विचारलं, अर्थिंगचं काय ठरवलंय? "ते लाइटवाला बघेल, त्याला अजून सहा महिने आहेत." सहा महिन्यांनी लाइटवाला येतो, अंगणात खड्डा खणतो, प्लेट पुरून भोवती मीठ-कोळसा भरतो आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा म्हणून सांगतो. तोवर त्या प्लॉटवरचा सगळ्यात मोठा अर्थ इलेक्ट्रोड (वीज जमिनीत सोडणारा भाग), म्हणजे घराचा पाया, कुणाच्याही हाताबाहेर गेलेला असतो.

काँक्रीट म्हणजे दगड, त्यातून वीज कशी जाईल, असं मालकांना वाटत होतं. पुष्कळ वायरमनही असंच मानतात. त्यांचा हा समज खोडून निघाला तो अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे बॉम्ब साठवायची कोठारं बांधली जात होती. दारूगोळ्याजवळ वीज पडली तर ती सुरक्षितपणे जमिनीत जिरायला हवी, पण जमीन कोरडी ठणठणीत. हर्बर्ट उफर या अभियंत्याने पायातल्या सळयाच अर्थिंगसाठी वापरल्या. पुढे अनेक वर्षं मोजमापं घेतली, तेव्हा त्या कोरड्या मुलखातही रोध (विजेला होणारा अडथळा) पाच ओहमच्या आत राहिलेला दिसला. अमेरिकेत या पद्धतीला आजही 'उफर ग्राउंड' म्हणतात.

असं का होतं, ते कांद्यावरून समजून घेऊ. जमिनीत पुरलेल्या धातूतून वीज चहूबाजूंना पसरते. तिला मातीचे थर एकामागून एक ओलांडावे लागतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. धातूला चिकटलेला पापुद्रा सर्वात लहान, म्हणजे वाट अरुंद आणि अडथळा जास्त. बाहेरचे पापुद्रे मोठे होत जातात, वाट रुंदावते, अडथळा नगण्य होतो. इलेक्ट्रोड अर्धगोलाकार धरला आणि त्याची त्रिज्या एक हात असली, तर केंद्रापासून दोन हातांपर्यंतच एकूण रोधाचा निम्मा भाग संपतो आणि दहा हातांपर्यंत नव्वद टक्के. त्यापलीकडची सगळी पृथ्वी मिळून उरलेले दहा टक्के! म्हणून अर्थिंगचं नशीब धातूलगतच्या हातभर थरात ठरतं. खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात तो हाच थर सुधारायला. पण पावसागणिक मीठ वाहून जातं आणि जाता जाता लोखंडही खातं.

पायात सळईलगतचा थर काँक्रीटचा असतो. घट्ट झालेलं काँक्रीट दिसायला दगड, पण आतून ते बारीक छिद्रांचं जाळं असतं. त्या छिद्रांत पाणी असतं, आणि साधं नव्हे. सिमेंटमधून सोडियम, पोटॅशियम आणि हायड्रॉक्साइडचे आयन त्यात उतरलेले असतात. सामू (पीएच) साडेबाराच्या वर, म्हणजे तीव्र अल्कली. हे आयनच वीज वाहून नेतात. वरचं काँक्रीट वाळतं, पण मातीला टेकलेलं काँक्रीट तिच्यातला ओलावा ओढत राहतं. जमिनीतल्या अशा काँक्रीटची रोधकता (पदार्थाचा वीज अडवण्याचा गुण) साधारण ३० ते २०० ओहम-मीटर असते, तर कोरड्या बेसाल्टची हजारांत जाते. शिवाय त्या अल्कलीमुळे सळईवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. मीठ वीज वाहतं आणि लोखंड खातं. काँक्रीट वीज वाहतं आणि लोखंड जपतं. मला या पदार्थाचं अप्रूप वाटतं ते यासाठी.

आता आकडे पाहा. १०० ओहम-मीटरच्या बऱ्यापैकी मातीत तीन मीटर लांब, १६ मिलिमीटर जाड रॉड ठोकला, तर सूत्रानुसार रोध सुमारे ३३ ओहम येतो. गिझरची फेज (वीज आणणारी तार) बॉडीला लागली आणि परतीची वाट फक्त या रॉडमधून असली, तर २३० भागिले ३३, म्हणजे जेमतेम ७ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही आणि बॉडी जिवंत राहील. सह्याद्रीच्या खडकाळ माथ्यावर १००० ओहम-मीटर धरले, तर तोच रॉड ३३० ओहमच्या वर. म्हणून पायाचं अर्थिंग असलं तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (थोडी गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. पण पायाचा आकार रॉडच्या कितीतरी पट, त्यामुळे सुरुवातच चांगली होते.

अमेरिकेच्या वीजसंहितेत किमान अर्धा इंच जाड, २० फूट लांब सळई मातीला टेकलेल्या काँक्रीटमध्ये असली की ती इलेक्ट्रोड धरली जाते, आणि २००५ पासून नव्या बांधकामात ती जोडणं सक्तीचं आहे. बायंडिंग वायरने घट्ट बांधलेल्या सळयाही चालतात. जर्मनीत पायातल्या अर्थिंगचं स्वतंत्र मानकच आहे.

एक मोठी अट आहे. पायाखाली प्लॅस्टिक किंवा वॉटरप्रूफिंगचा थर अंथरला असेल, किंवा सळयांवर इपॉक्सीचा लेप असेल, तर काँक्रीट आणि माती, किंवा सळई आणि काँक्रीट, एकमेकांना भेटतच नाहीत. तिथे बाहेरून स्टेनलेस स्टीलचं कडं फिरवावं लागतं. स्टेनलेसच का? काँक्रीटमधलं पोलाद विद्युतरासायनिक दृष्ट्या तांब्याच्या आसपास असतं. त्याला मातीतली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पट्टी जोडली, तर बॅटरी तयार होते आणि पट्टीचं जस्त झिजतं.

हल्ली 'अर्थिंग चादर' अंथरून झोपलं की शरीरातली वाईट ऊर्जा जमिनीत जाते, अशा जाहिराती दिसतात. अशी ऊर्जा कुठल्याही मीटरवर मोजता येत नाही. ती चादर खिळखिळ्या सॉकेटच्या अर्थला जोडली, तर दोषाच्या वेळी अख्खं अंथरूणच जिवंत होईल. त्या पैशांत आरसीसीबी येतो.

शेवटी मालक तयार झाले. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून सळयांना क्लँपने पट्टी जोडली. जिथे पट्टी काँक्रीटमधून मातीत शिरते, तिथे ती आधी गंजते. म्हणून ती कॉलममधून सरळ वर, जोत्याच्या वर आतल्या बाजूला काढली. बारबेंडर तिला जास्तीचं लोखंड समजून कापून टाकेल या भीतीने मी तिच्या टोकाला हिरवा रंग दिला.